पाठीवरची चेन

४ सप्टेंबर

खारू,

तुझ्या बापाचे आशीर्वाद. मागितले नसलेस तरी पाठवतो आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद. कागदाला निदान मध्येच ठेवून देता येत नाही.

आधी वाईट बातमी सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझ्या आईला इथेही पाणी सापडलं.

मला वाटलं होतं, एवढ्या थंड गावात आलो, आता काय ती बुडी मारणार? इथला समुद्र बघूनच माणसाला पडसं होतं. आत्याने तिच्यामागे या दोन खोल्या आपल्या नावावर केल्या तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो, आठवतं? म्हणालो होतो, काळजी करू नकोस, तिकडचं उबदार पाणी सुटलं की तिचं खूळ आपोआप सुटेल. तू म्हणालीस, "बाबा, तिला थांबवा, मग मी येते. एक तर समुद्र, नाहीतर मी." मी शब्द दिला. तो अजून दिलेलाच आहे.

पण झालं असं. खालच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी कपड्यांची दुरुस्ती करतो हे तुला माहीत आहे. लांबी कमी करणे, अस्तर बदलणे, चेन बसवणे. मालकीणबाई चांगल्या आहेत, फक्त तोंड बंद ठेवत नाहीत. मागच्या आठवड्यात एक पोरगी जाड लोकरीचा पायजमा-बंडी असा एकसंध कपडा शिवायला घेऊन आली. गुडघ्यात उसवला होता. गळ्यात शिट्टी अडकवलेली. मी सहज विचारलं, "हे कशाखाली घालता?" म्हणाली, "ड्रायसूटखाली, काका. मी पाण्याखाली पोहायला शिकवते." मी गप्प बसलो असतो, देवाशपथ. पण मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, यांच्या सौभाग्यवतींनी सगळं आयुष्य त्यातच काढलंय! वर बसल्यात, बोलवू का?"

झालं. तुझी आई चपला न घालता जिना उतरून आली.

त्या पोरीला आम्ही घरात शिट्टीच म्हणतो. वय तुझ्याएवढंच असेल. तिने सांगितलं की उबदार पाण्यातला अनुभव कितीही असला तरी थंड पाण्याचं सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. अंगाला चिकटणारा पातळ सूट इथे कामाचा नाही. हा सूट ढगळा असतो, आत पाणी अजिबात शिरत नाही, आत हवा सोडायची आणि त्या हवेवर उबेत राहायचं. आधी तरण तलाव, मग पाण्याने भरलेली जुनी दगडखाण, आणि शेवटी समुद्रात परीक्षा. ऑक्टोबर संपला की वर्ग बंद. तुझी आई म्हणाली, "म्हणजे मला पुन्हा पहिलीत बसवणार?" शिट्टी म्हणाली, "बालवाडीत, काकू."

मला वाटलं, आता हिचा पापड मोडेल. तीस वर्षं लोकांना शिकवलेली बाई. ती म्हणाली, "फी किती?"

मी माझ्या परीने प्रयत्न केला. म्हटलं, आधी डॉक्टर. या वयात डॉक्टरचा दाखला लागतोच. मला खात्री होती की डॉक्टर नाही म्हणेल. डॉक्टरने तिला तपासलं, पट्ट्यावर चालवलं, फुंकायला लावलं, आणि म्हणाला, "उत्तम." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचा रक्तदाब कधी मोजला होता?" आता मला रोज एक गोळी आहे आणि तिला दाखला आहे.

तू रागावू नकोस. मी थांबवतो. काहीतरी करतो.

बाबा

१९ सप्टेंबर

खारू,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. तुझ्या तिथे थंडी असेल तर कानाला काहीतरी बांधत जा.

चांगली बातमी आहे. तुझी आई नापास होईल असं दिसतं.

परवा तलावात पहिला तास झाला. मी बाकावर बसलो होतो. आधी तो सूट घालणं हेच एक युद्ध. पाय घाला, हात घाला, मनगटाच्या रबरी कफांतून हात बाहेर काढा, मग डोकं. गळ्याला रबराची घट्ट पट्टी असते, ती पाणी अडवते. तुझ्या आईचं डोकं त्यातून बाहेर आलं तेव्हा केस उभे आणि चेहरा टोमॅटोसारखा. आणि चेन कुठे असते माहीत आहे? पाठीवर. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, आडवी. स्वतःची स्वतःला लावताच येत नाही. दुसऱ्या कोणीतरी ओढावी लागते.

शिट्टी म्हणाली, "काका, तुम्ही शिंपी. तुम्हीच या."

मी उठलो. आता आयुष्यभर चेन बसवल्या, त्यामुळे हात आपोआप गेले. पण ही चेन वेगळी. पितळी, जाड, मेण लावलेली, आणि एवढी कडक की ओढताना माझा अंगठा दुखला. तुझी आई म्हणाली, "अहो, लेंग्याची नाडी ओढताय का? जोर लावा." शिट्टी हसली. मी जोर लावला. एवढंच केलं, खारू. कोणीही ओढली असती.

मग ती पाण्यात गेली आणि मजा झाली. मजा म्हणजे, मला हसायचं नव्हतं. उबदार पाण्यात तिला वर-खाली व्हायचं तर जाकिटातली हवा कमी-जास्त करायची सवय. इथे हवा सूटमध्येही असते. छातीवरच्या बटणाने आत घ्यायची आणि डावा कोपर वर करून दंडावरच्या झडपेतून बाहेर सोडायची. हिने सवयीने जाकिटाची नळी धरली, सूटमधली हवा गेली पायांत, आणि तुझी आई उलटी झाली. डोकं खाली, दोन्ही पाय पाण्याबाहेर, फुग्यासारखे फुगलेले, हलतायत. शेजारच्या पट्ट्यात पोहणारा एक म्हातारा थांबून बघत राहिला. मला म्हणाला, "त्या बाईंना मदत हवी आहे का?" मी म्हणालो, "ओळखीच्या नाहीत."

घरी आल्या आल्या ओला टॉवेल बादलीत टाकून ती झोपली. मला वाटलं, संपलं. मी तुला हे पत्र तेव्हाच मनात लिहायला घेतलं होतं, की खारू, काम झालं.

आज सकाळी चहा करताना बघितलं. ती ओट्याशी उभी राहून डावा कोपर वर करते, खाली आणते, पुन्हा वर करते. चहाच्या पातेल्यावर कोपर. मी विचारलं, "खांदा आखडला का?" म्हणाली, "तीस वर्षांची सवय मोडतेय. तुम्ही चहाकडे बघा."

तरी मला आशा आहे.

बाबा

७ ऑक्टोबर

खारू,

हे पत्र लिहायला हात उचलत नाही. तुझी आई आता बरी आहे, हे आधी लिहितो. बरी आहे. गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपली आहे.

रविवारी खाणीत नेलं होतं. दगड काढून काढून झालेला मोठा खड्डा, चारी बाजूंनी सरळ कडे, आणि मध्ये काळं पाणी. लोखंडी जिना, गंजलेला, आणि खाली तरंगता फळ्यांचा धक्का. पाणी असं थंड की मी बोट बुडवलं आणि ते कोणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटलं.

आदल्या दिवशी काय झालं ते सांगतो. सूट आता तिने विकत घेतला आहे, वापरलेला, शिट्टीच्या बुडी मारणाऱ्यांच्या क्लबातल्या कोणाचा तरी. ती घरी घालून बघत होती. गळ्याची पट्टी तिला आवळत होती. काढल्यावर मानेभोवती लाल वळ उठला होता, फास लावावा तसा. शिट्टीने सांगितलं होतं की पट्टी घट्टच असायला हवी, फार झालं तर एक कडं कापून टाकता येतं, त्यावर कापण्याच्या खुणा असतात. तुझ्या आईने एक कडं कापायला मला दिलं आणि ती बाजारात गेली.

आता तू शिंप्याची मुलगी आहेस, तुला कळेल. गिऱ्हाईक म्हणालं गळा आवळतो, की मी गळा सोडतो. अर्धा इंच जास्तच सोडतो, कारण माणसाला श्वास घ्यायला जागा लागते. एक कडं कापलं. माझा हात आत घालून बघितला. मला घट्ट वाटलं. दुसरं कापलं. तो लाल वळ डोळ्यांसमोरून जाईना. तिसरंही कापलं. कापल्यावर सुंदर बसत होतं, अगदी पोलोच्या गळ्यासारखं.

खाणीत ती खाली गेली आणि मान वळवली तेवढ्यात पाणी आत आलं. सगळं. छातीवरून, पाठीवरून, लोकरीच्या कपड्यात, पायांपर्यंत. शिट्टीने तिला जिन्यापाशी आणलं. वर चढताना सूटमध्ये पाणी भरलेलं, तिला स्वतःचे पाय उचलवेनात. शिट्टीने आणि मी ओढून काढलं. ओठ निळे. दात असे वाजत होते की मला माझ्या मशीनचा आवाज आठवला.

गाडीत हीटर लावून तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. शिट्टीने गळा तपासला आणि विचारलं, "कोणी कापलं हे?" मी म्हणालो, मी. तिने श्वास सोडला. मग बाहेर गेली.

तुझी आई माझ्याकडे बघत होती. दात वाजायचे थांबले तेव्हा म्हणाली, "मुद्दाम केलंत?"

खारू, तीस-पस्तीस वर्षांत तिने मला हजार गोष्टी विचारल्या, पण असा प्रश्न नाही. मी म्हणालो, "अगं, तुझा गळा आवळत होता." तिने ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं. म्हणाली, "आवळू दे. मला आवळला तर मी सांगेन. तुम्ही माझ्या वतीने गुदमरू नका."

तुलाही तेच वाटेल, की मी शब्द पाळायला हे केलं. नाही केलं. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ती निळी पडून गाडीत बसली होती, तेव्हा मला वाटलं की आता हे थांबेल आणि खारू येईल. क्षणभर बरं वाटलं. त्या क्षणाची मला भीती वाटते.

बाबा

१८ ऑक्टोबर

खारू,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिन्यातच बसलो. मालकीणबाई म्हणाल्या, "काय हो, चक्कर आली का?" मी म्हणालो, गोळी घ्यायची राहिली.

पत्र चार ओळींचं आहे, पण पाठ झालं आहे. "बाबा, गळा कापायची गरज नाही. चेन तुमच्या हातात आहे. ओढू नका. तुम्ही ओढली नाही तर ती जाणार कशी?"

बरोबर आहे. तू माझ्यापेक्षा नेहमीच हुशार. मी तेव्हापासून याच गोष्टीचा विचार करतोय. इतकं सोपं आहे. शिट्टीही ओढू शकते म्हणा, पण आता ते काम माझं मानलं गेलंय. मी हात काढून घेतला तर मला काय म्हणायचंय ते तुझ्या आईला कळेल. ती दुसऱ्या कोणाकडे पाठ करणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

शेवटच्या ओळीत तू लिहिलंस की त्या दिवशी ती हसली, ते तू विसरू शकत नाहीस. मीही विसरलो नाही. तू बोटीवर उभी राहून समुद्राकडे बघून तिला हाका मारत होतीस, घसा बसेपर्यंत. प्रवाहाने ती कुठच्या कुठे गेली होती. मी किनाऱ्यावर होतो, मला काहीच माहीत नव्हतं, मी कोणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होतो. ते सगळं तुझ्या वाट्याला आलं. आणि कोळ्यांच्या होडीने तिला आणलं तेव्हा ती हसत हसत चढली आणि म्हणाली, "चहा आहे का?" तू तिथून निघालीस ती निघालीसच.

ती तेव्हा का हसली, मी कधी विचारलं नाही. आपल्या घरात ज्या गोष्टीची भीती वाटते ती विचारायची नाही असा रिवाज आहे, आणि तो रिवाज मीच पाडला असणार.

गळ्याची नवी पट्टी बसवून झाली. शिट्टीने आमच्या स्वयंपाकघरातच बसवली. सूटच्या गळ्यात गोल भांडं घालून, गोंद लावून, रात्रभर वजनाखाली. भांडं आमचंच, मोठं पातेलं. तुझी आई म्हणाली, "यांना कात्रीपासून लांब बसवा." मी लांब बसलो.

समुद्रातली परीक्षा २७ तारखेला आहे. यंदाची शेवटची. त्यानंतर क्लबाचे वर्ग आणि परीक्षा बंद होतात, आणि पुढच्या वर्षी तिचं वय क्लबाच्या नियमात बसेल की नाही, कोणी सांगू शकत नाही.

तू सांगतेस तसंच करतो. ओढत नाही.

बाबा

२८ ऑक्टोबर

खारू,

मी काल दोनदा चेन ओढली. पहिल्यांदा का ओढली ते तुला पटणार नाही, दुसऱ्यांदा का ओढली ते कदाचित पटेल. सगळं क्रमाने लिहितो. मधेच पत्र फाडू नकोस.

सकाळी धक्क्यावर पोचलो. बारीक वारा, समुद्राचा रंग पत्र्यासारखा. दगडी धक्का, त्याला उतरती लोखंडी शिडी, एका टोकाला टपरीएवढी खोली आणि तिच्यामागे संडास. परीक्षेला तीन जण. दोन कॉलेजातली पोरं आणि तुझी आई. ती पोरं तिला बघून आपापसांत काहीतरी म्हणाली. तिने ऐकलं आणि म्हणाली, "पोरांनो, थंडी वाजली तर माझा हात धरा हं." शिट्टीने शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

तुझी आई सूट चढवून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी घरून ठरवून आलो होतो. हात खिशात घातले होते. ती म्हणाली, "अहो." मी हात खिशात आणखी खोल घातले. ती पुन्हा म्हणाली, "अहो, वारा आत जातोय." आणि मी ओढली. विचार न करता. तिच्या पाठीला वारा लागत होता म्हणून. मी असा माणूस आहे, मला माफ कर.

मग ती शिट्टीबरोबर शिडीवरून उतरली. वर बुडबुडे दिसत होते. मी धक्क्यावरून बुडबुड्यांबरोबर चालत होतो. आणि एकदम ते बुडबुडे उसळले. पातेल्यात पाणी उकळावं तसे, भसाभस, थांबेचनात. मला वाटलं सगळी हवा निघून गेली. मी ओरडलो, काय ओरडलो माहीत नाही. त्या पोरांपैकी एकाने माझा दंड धरला.

झालं होतं असं, की थंडीने तिच्या तोंडातल्या रेग्युलेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासापुरती सोडणाऱ्या यंत्रात, बर्फ धरला आणि तो उघडाच राहिला. उबदार समुद्रात असं होत नाही. हवा नुसती तोंडावर फेकली जाते, थांबवता येत नाही, सिलिंडर रिकामं होत जातं. नवखा माणूस तोंडातलं फेकून वर पळतो, आणि वर पळणं हेच जीवघेणं. तुझ्या आईने ते अर्धवट ओठांत धरलं, कडेने वाहून जाणाऱ्या हवेतून घोट घोट श्वास घेतला, शिट्टीला खूण केली, तिची जादा नळी घेतली, डावा कोपर वर केला आणि हळूहळू वर आली. हळूहळू, खारू. मी वरून बघत होतो. मला वाटलं, बाई, लवकर ये. पाहुणे सावकाश जिना चढून यावेत तशी ती आली.

शिट्टी धक्क्यावर आल्यावर म्हणाली, "काकू, पुस्तकात जसं लिहिलंय तसं केलंत." पण खाली करायची बाकी कामं राहिली होती, त्याशिवाय पास करता येत नव्हतं. ती म्हणाली, "दुसरा रेग्युलेटर लावून देते. पुन्हा जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी मान खाली घालायचं कारण नाही."

तुझी आई म्हणाली, "आधी मला संडासला जायचंय."

हसू नकोस, हेच महत्त्वाचं आहे. त्यासाठी सूट अर्धा उतरवावा लागतो. म्हणजे चेन उघडावी लागते. म्हणजे ती परत आली तेव्हा पुन्हा माझ्याकडे पाठ करून उभी होती, टपरीच्या आडोशाला, आणि चेन उघडी होती. शिट्टी लांब सिलिंडर बदलत होती.

या वेळी मी खरंच हात उचलला नाही. म्हणालो, "खारू म्हणते, ओढू नका."

ती वळली नाही. म्हणाली, "पत्रं लिहिता तिला?"

"हो."

"काय म्हणते?"

"म्हणते, एक तर समुद्र, नाहीतर मी. मी तिला शब्द दिलाय की तुला थांबवीन."

तिने मनगटाचा कफ सरळ केला. वारा. मग म्हणाली, "आणि तुम्ही काय म्हणता?"

मला कोणी असं विचारत नाही, खारू. मी म्हणालो, "मला भीती वाटते."

"मलाही," ती म्हणाली.

ती अजूनही माझ्याकडे पाठ करूनच बोलत होती.

"मघाशी खाली मला भीती वाटली. हात बरोबर चालले, पण आतून मी घाबरले होते. आणि त्या दिवशीही. प्रवाहात वाहत होते तेव्हा मी रडत होते, पाण्यातच. होडीतल्या माणसांनी बघितलंय. मग लांबून आपली बोट दिसली, पोरगी दिसली, किंचाळताना. मला वाटलं, मी रडत चढले तर ही पुन्हा कधी पाण्यात पाय घालणार नाही. म्हणून तोंड धुतलं आणि हसले. मला वाटलं, शहाणपणा केला." ती थांबली. "तिला वाटलं असेल, हिला कशाचंच काही नाही. माझ्या हाका हिला ऐकूच आल्या नाहीत. आल्या होत्या. मला त्या अजून ऐकू येतात. हे तिला लिहा. मी थांबले म्हणून ती आली, तर तिला एक म्हातारी मिळेल खिडकीत बसलेली. तशी आई तिला नको असेल. आणि हवी असली तरी ती मी नाही."

मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ओढता का, की शिट्टीला हाक मारू?"

मी ओढली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, शेवटच्या टोकापर्यंत, जोर लावून. आणि हात फिरवून बघितलं, नीट बसली आहे ना. विचार करून ओढली. तुला दिलेला शब्द मी त्याच वेळी मोडला, आणि मला वाईट वाटलं नाही, हे तुला खरं सांगायला हवं.

ती पुन्हा गेली. मी बुडबुड्यांबरोबर चाललो. या वेळी बुडबुडे शांत होते, जसं कोणी झोपेत श्वास घेतं. किती वेळ ते माहीत नाही, मी घड्याळाकडे बघितलंच नाही. मग शिडीपासून लांब, उघड्या पाण्यात, तिचं डोकं वर आलं, आणि तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठा गोल केला. पाण्यात त्याचा अर्थ, सगळं ठीक. धक्क्यावरची सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली, ती दोन पोरं तर शिट्ट्या मारत होती. मी काय केलं माहीत आहे? मी पण हात डोक्यावर नेऊन तसाच गोल केला. माझी टोपी उडून समुद्रात पडली. तुझ्या आईने ती उचलून आणली.

पास झाली, खारू! शिट्टीने तिथेच सांगितलं. आणि म्हणाली, "काकू, उन्हाळ्यात माझ्याबरोबर तलावात शिकवायला याल? पन्नाशीच्या पुढच्या बायका येतात, मला बघून घाबरतात. तुम्हाला बघून नाही घाबरणार." तुझी आई म्हणाली, "मला बघून तर आधी घाबरतील, मग शिकतील."

रात्री जेवताना विचारलं, खाली काय होतं? मला वाटलं होतं, काही नसेल. तिकडे रंगीबेरंगी मासे, इथे नुसता काळोख. म्हणाली, "तो समुद्र म्हणजे भर बाजार. हा समुद्र म्हणजे दुपारचं घर. सगळे झोपलेले. पांढऱ्या फुलकोबीसारखी फुलं दगडांवर, ती फुलं नाहीतच, जनावरं आहेत. आणि एक खेकडा माझ्यासमोर उभा राहिला, हात वर करून, तुमच्यासारखा. म्हणत होता, जाऊ नका, जाऊ नका." आणि ती एवढी हसली की तिला ठसका लागला. या वेळी ते हसणं खरं होतं. मला आता फरक कळतो.

मी तिला थांबवणार नाही. आता तू रागाव, पण हे सगळं वाचून रागाव.

बाबा

११ नोव्हेंबर

खारू,

तुझी तार नाही, पत्र नाही, थेट फोन दुकानात! मालकीणबाई ओरडल्या, "अहो, तुमची लेक!" आणि मी सुईसकट धावलो. नीट बोलता आलं नाही, म्हणून राहिलेलं लिहितो. हे तुला निघण्याआधी मिळायला हवं.

गाडीत खिडकीशी बसू नकोस, वारा लागतो. सामान पायांत ठेव. मध्ये एका स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबते, उतरू नकोस, लोक उतरतात आणि राहून जातात. जाड मोजे दोन जोड आण. स्टेशनबाहेरचा चहा पिऊ नकोस, मी थर्मास आणतो.

तू विचारलंस, आई स्टेशनवर येईल का. नाही येणार. तिला मी सांगितलंच नाही की तू येते आहेस. हिवाळ्यासाठी क्लब पूर्ण बंद होण्याआधी शिट्टीने पास झालेल्यांसाठी तू येतेस त्याच रविवारी एक शेवटची बुडी ठेवली आहे, आणि तुझी गाडी लागते तेव्हा तुझी आई पाण्याखाली असेल. मी सकाळी तिच्याबरोबर जाईन, ती शिडी उतरली की तडक तुझ्याकडे येईन. तू मला ओळखशील, टोपी आटली आहे आणि मी घाबरलेला असेन.

घरी जायचं नाही. सरळ धक्क्यावर. बुडबुडे कुठे दिसतात ते मी तुला दाखवतो, आता मला लांबूनही ओळखू येतात. तिथे उभी राहा. हाका मारायची गरज नाही. मारावीशी वाटली तर मात्र मार, ती वर येईल तेव्हा ऐकेल.

बाबा